जगभरची शहरं दाखवणाऱ्या मालिका, आणि उद्या पणजीचा भाग काढायचा झाला तर

मळ्यातली_मुक्ता

एनएचके वर्ल्डवर 'समवेअर स्ट्रीट' लागते, ती इथे कोण कोण बघतं? जपानी मालिका आहे, मूळ जपानीत २००५ पासून चालू. एका भागात एक शहर, जवळजवळ तासभर. होस्ट नाही, म्हणजे आहे पण दिसत नाही. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरनं नुसता चालत राहतो, गल्ली दिसली की आत वळतो, कोणी दारात बसून भाजी निवडत असेल तर थांबतो, आणि चालणाऱ्याचा आवाज नंतर स्टुडिओत कोणीतरी नट देतो. "अरे वा, हे काय करताय?" असं तो विचारतो आणि समोरची बाई सरळ कॅमेऱ्यात बघून सांगायला लागते. मध्येच जरासा इतिहास, की परत रस्त्यावर.

ती बघायची सवय लागली आणि आता बाकीच्या ट्रॅव्हल मालिका बघवेनात. होस्ट येणार, गॉगल लावणार, पहिला घास खाऊन डोळे मिटणार, "ओ माय गॉड" म्हणणार, ड्रोन वर जाणार, सूर्यास्त, संपलं. शहर मागे नुसतं उभं. त्या शहरात सकाळी कचरा कोण उचलतं, पोरं शाळेत कशी जातात, संध्याकाळी म्हातारी माणसं कुठे बसतात ह्यातलं काही कळत नाही, आणि मला तर तेच बघायचं असतं.

तर दोन प्रश्न. एक, अशा अजून मालिका सांगा, जुन्या असल्या तरी चालतील. दोन, असा कॅमेरा उद्या पणजीत आला तर त्याने कुठून कुठे चालावं? मी पणजीतल्या मळा ह्या जुन्या भागात राहते, कॅमेरे रोजच बघते, पण ते सगळे त्याच चार रंगीत भिंतींपाशी येऊन थांबतात.

पेडण्याचे_मास्तर

विषय छान काढलास गो बाय. माझ्यासाठी सगळ्यांचा बाप म्हणजे बीबीसीची मायकल पेलिनची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा. प्रवास १९८८ चा, दाखवली १९८९ ला. सात भाग. विमानात बसायचं नाही ही अट. मी ती फार नंतर बघितली, पण त्यातला दुबई ते मुंबई हा गलबताचा भाग अजून डोळ्यापुढे आहे. गलबतावरचे खलाशी सगळे गुजरातचे, मांडवीकडचे, पेलिनला त्यांची भाषा येत नाही, त्यांना त्याची येत नाही, पोट बिघडलेलं, झोपायला उघडा डेक, आणि तो एका खलाशाच्या कानाला वॉकमन लावून गाणं ऐकवतो. मुंबई आली तेव्हा त्याला त्या लोकांना सोडून जाववत नाही, हे सरळ दिसतं, ॲक्टिंग नाही. वीस वर्षांनी तो पुन्हा त्या खलाशांना शोधत आला होता, त्याचाही कार्यक्रम झाला.

आता तू म्हणशील ह्यात शहर कुठे आहे. तर माझं म्हणणं असं की त्या गलबतामुळे पुढची मुंबई वेगळी दिसते. विमानाने उतरून थेट ताजमहाल हॉटेल दाखवलं असतं तर ती आपली नेहमीची मुंबई झाली असती. शहरात माणूस कसा शिरतो ह्यावर पुष्कळ असतं.

भिवपाची_गरज_ना

मास्तर +१. शिरण्यावरून आठवलं, कुठल्याही गोव्याच्या एपिसोडमध्ये माणूस शिरतो कसा, तर विमानतळ, टॅक्सी, आणि पुढच्याच शॉटला बीचवर आडवा. पणजीत शिरायचं तर बेतीहून फेरीने शिरा ना. मांडवी नदीवरून पणजी समोर हळूहळू मोठी होत येते, जुनं सचिवालय दिसतं, आणि मध्ये कॅसिनोची जहाजं आडवी येतात, ती पण दिसू देत, लपवायची कशाला.

कदंबा_बायपास

आमच्या पिढीचं म्हणाल तर डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग. शाळेतून आलं की बॅग फेकायची आणि ते लावायचं. इयन राइट कोणाला आठवतो? ग्लोब ट्रेकरवाला, तो बारका ब्रिटिश, कुठेही गेला की दोन मिनिटांत स्वतःचं हसं करून घ्यायचा. ती मालिका १९९४ ला सुरू झाली तेव्हा तिचं नाव लोनली प्लॅनेट होतं, ग्लोब ट्रेकर नंतर.

पण मुक्ता, तुला पाहिजे तसली म्हणजे 'सिक्स डिग्रीज'. आशा गिल आणि टोबी एमिस असे दोन होस्ट, आळीपाळीने. एक भाग म्हणजे एक शहर, आणि शहर बघायचं ते माणसांच्या साखळीने. म्हणजे आधी एकाला भेटायचं, तो म्हणणार माझी एक मैत्रीण आहे तिला भेट, ती पुढे तिसऱ्याकडे पाठवणार. डीजे, टॅटूवाला, कोणाची आजी, कोणी नगरसेवक, कोणीही. स्मारकं जवळजवळ नाहीतच. होस्ट होता पण त्याला पुढे कुठे जायचं ते शहरच सांगायचं.

गोव्यात ही मालिका दहा मिनिटांत संपली असती ही गोष्ट वेगळी. इथे पहिला माणूस दुसऱ्याचा मावसभाऊ निघतो आणि तिसरा त्याच्याच वाड्यावरचा.

भिवपाची_गरज_ना

खिक्. आणि चौथा म्हणतो, "तू खंयचो? कोणाचो?" आणि होस्टचीच मुलाखत सुरू.

डिचोलीचा_तारवटी

धागा वाचला, राहवलं नाही म्हणून लिहितो, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी क्रूझवर आहे, हाऊसकीपिंगमध्ये. घरची मंडळी म्हणतात तू सगळं जग बघतोस. अरे काय बघतो. पॅसेंजरच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं रोम, आणि जहाज लागतं चिवितावेकियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्स लिहिलं की समजायचं लिव्होर्नो. पॅसेंजर बसमध्ये बसून जातात, आपल्याला दुपारच्या केबिन संपवून जे दोन-तीन तास मिळतील त्यात बंदराच्या गेटापासून चालत जिथवर जाता येईल तिथवरचं शहर आपलं. आणि ते पण त्या दिवशी इन-पोर्ट मॅनिंगमध्ये, म्हणजे बंदरात जहाजावरच थांबायच्या पाळीत, नाव नसलं तर. नाव असलं तर जहाजावरच, शहर पोर्टहोलमधून. मग त्या शहरात आपण काय बघतो, वायफाय कुठे फुकट आहे, सुपरमार्केट कुठे स्वस्त, पैसे पाठवायचं दुकान कुठे, आणि सीमन्स क्लब. जगातल्या कुठल्याही बंदरात जा, सीमन्स क्लबमध्ये एक गोंयकार आणि दहा फिलिपिनो बसलेले असतात, व्हिडिओ कॉलवर.

म्हणून मला ह्या मालिका आवडतात, होस्टवाल्या सुद्धा. बार्सिलोनाला कितीदा जहाज लागलं पण बार्सिलोना मला कळलं ते केबिनमध्ये बंकवर पडून बघितलेल्या एपिसोडमधून. त्या अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनची 'द लेओव्हर' म्हणून एक होती २०११ ते १३ च्या दरम्यान, एका शहरात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास मिळाले तर काय करशील ह्यावर. आम्ही मेसमध्ये बघायचो आणि हसायचो की अठ्ठेचाळीस तास, मरे, एवढ्यात आम्ही लग्न लावून येऊ.

एक विनंती, पणजीचा भाग काढाल तेव्हा मुरगाव बंदराच्या गेटाबाहेरून सुरुवात करा. तिथे पण बाहेरदेशीची जहाजं लागतात. पॅसेंजर बसमधून मंगेशी, ओल्ड गोवा, पणजी करून येतात आणि क्रू गेटाबाहेर वास्कोत सिमकार्ड शोधत फिरत असतो. त्यांचा गोवा म्हणजे तेवढाच.

मळ्यातली_मुक्ता

तारवटी दादा, हे असलं कुठल्याच मालिकेत बघितलं नाही. बंदराच्या गेटापासून चालत जाता येईल तेवढंच शहर, ही खरं तर आख्खी मालिका होऊ शकते. अजून लिहा ना.

सासष्टीची_सून

मी जरा उलटं बोलणार आहे, हलके घ्या.

होस्टला एवढी नावं कशाला? नेटफ्लिक्सवरच्या 'समबडी फीड फिल'मधला फिल रोझेन्थाल घ्या. टीव्हीवर रेमंडवाली विनोदी मालिका ज्याने काढली तोच हा. त्याला काही येत नाही, स्वयंपाक नाही, भाषा नाही, साहस तर नाहीच. पण तो बसला की समोरचा माणूस खुलतो. २०१८ च्या पहिल्या सीझनमध्ये बँकॉक, सायगाव, तेल अवीव, लिस्बन, न्यू ऑर्लिन्स, मेक्सिको सिटी. सातव्यात, म्हणजे २०२४ ला, मुंबई. आणि भागाच्या शेवटी तो आईवडिलांना व्हिडिओ कॉल लावायचा, ते दोघं त्याची थट्टा करायचे. पुढे दोघंही गेले. माझ्या सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण तो कॉल आला की त्या हातातलं टाकून येऊन बसायच्या. बिनचेहऱ्याच्या कॅमेऱ्याने हे होईल का? तुमची ती जपानी मालिका मी पण बघितली, सुंदर आहे, पण अर्ध्या तासाने मला झोप आली, खरं सांगते.

आणि बोर्डेन. त्याच्याबद्दल तर बोलूच नका. आजकालचे अर्धे यूट्यूबर त्याची कॉपी मारतात, फक्त त्याने जे वाचलेलं असायचं ते ह्यांनी वाचलेलं नसतं. 'पार्ट्स अननोन'चा हनोईचा भाग, २०१६. ओबामा आणि तो एका साध्या खाणावळीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बुन चा, म्हणजे तिथल्या शेवया आणि भाजलेलं डुकराचं मांस, खातात, बिल सहा डॉलर, आणि बिल बोर्डेन देतो. खाण्यावर दोन वाक्यं, बाकी सगळं आपल्या पोरींबद्दल आणि जगाचं काय होणार ह्याबद्दल.

कदंबा_बायपास

ताई, त्याच खाणावळीचं पुढे काय झालं माहिती आहे ना? ते टेबल, ते स्टूल, ती भांडी सगळं काचेच्या पेटीत घालून ठेवलंय. लोक त्या पेटीचा फोटो काढायला जातात. हाच तर मुद्दा आहे मुक्ताचा. ज्या साधेपणासाठी तो तिथे गेला तो त्याच्या जाण्यानेच काचेत गेला.

बँकॉकच्या जे फाय आजींचं पण तेच. डोळ्यावर तो गॉगल घालून शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करतात त्या. आधी मिशेलिनचा स्टार, मग २०१९ ला नेटफ्लिक्सच्या 'स्ट्रीट फूड'चा पहिलाच भाग त्यांच्यावर. आता रांगेत तासन् तास उभं राहायचं आणि किंमत ऐकून घाम पुसायचा. शेजारच्या गल्लीतला माणूस तिथे जेवायला जाऊ शकत असेल का, तुम्हीच सांगा.

सासष्टीची_सून

मग काय दाखवूच नये का? त्या आजींनी आयुष्य कोळशासमोर काढलं, त्यांना चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठे? आपल्याला आपलं शहर स्वस्त आणि गुपित राहायला हवं असतं, आणि तिथे धंदा करणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं. त्यालाही विचारा.

मळ्यातली_मुक्ता

विचारते की. दोन्ही बाजूंनी विचारते, कारण मी राहतेच तिथे.

मळा-फोंताइन्हास म्हणजे आल्तिनोच्या टेकडीचा पाय आणि औरेंची खाडी ह्यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पावसाळा संपला की घर रंगवायचं, पांढरा रंग चर्चसाठी सोडायचा, हे पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं. जांभा दगड, चुन्याचा गिलावा, वर कौलं. ह्या भिंती ओल पितात, दर वर्षी कुठेतरी पोपडा निघतोच, सिमेंट मारलं तर अजून बिघडतं, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला गावोगाव फोन लावावे लागतात आणि जुन्या खिडक्यांना हात लावणारा सुतार मिळाला तर नशीब. हे कुठल्याही एपिसोडमध्ये नाही. एपिसोडमध्ये फक्त पिवळी भिंत, तिच्यापुढे फ्रॉक घातलेली मुलगी, आणि मागे गिटार.

आणि आता प्री-वेडिंगवाले. सकाळी साडेसहाला रिफ्लेक्टर घेऊन दारात. आमच्या शेजारच्या आजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या, आता बसत नाहीत कारण लोक विचारतात जरा बाजूला होता का फ्रेममध्ये येताय. स्वतःच्या दारात! घरांवर फोटो काढू नये अशा पाट्या लागल्यात, त्या पाटीबरोबर सेल्फी काढतात लोक.

ह्यात नुकसान कोणाचं आणि फायदा कोणाचा? गेस्टहाऊसवाल्याचा फायदा, कॅफेवाल्याचा फायदा, मान्य. पण ते पुष्कळसे इथले नाहीत. आजीला काय मिळालं?

धागा वाचणारी मूषक

वाचतेय. वाचनखूण साठवली.

रेकी_ते_रॅपअप

ह्या धंद्यात आहे म्हणून दोन शब्द. मी गोव्यात बाहेरून येणाऱ्या शूटिंग टीमला लोकल मदत करतो, म्हणजे फिक्सर म्हणा, लाइन प्रॉडक्शन म्हणा, परवानग्या, गाड्या, माणसं, जेवण, सगळं. नावं घेणार नाही.

तुम्ही जे बघता त्यातलं "सहज भेटलं" असं फार थोडं असतं. होस्ट बाजारात फिरताना अचानक एका मासळीवालीशी बोलायला लागतो ना, तिला मी आधी भेटून आलेलो असतो. ती बोलकी आहे का, तिची जागा उजेडात आहे का, मागे कुठल्या ब्रँडचा बोर्ड येतो का, तिची सही मिळेल का. दुकानात शिरताना दोनदा शूट होतं, एकदा कॅमेरा बाहेर आणि एकदा आत, आणि दोन्ही वेळी तो पहिल्यांदाच येतोय असं हसतो. खाणं तर विचारूच नका, क्लोज-अप वेगळे घेतात, तोवर कढी थंड, साय धरलेली, आणि मग होस्ट ती पिऊन "वाव".

प्रत्येक टीम फोनवर म्हणते आम्हाला खरा गोवा दाखवायचाय, बीच नकोत. मी यादी पाठवतो. माशेलचा चिखलकालो, म्हापशाचा बाजार, फोंड्याकडच्या जत्रेतलं मराठी नाटक. ते म्हणतात अमेझिंग अमेझिंग. आणि शेवटी शेड्युल येतं त्यात बीच, बीच, ओल्ड गोवा, बीच, फोंताइन्हास, पार्टी. का, तर जत्रा डिसेंबरात अमुक तिथीला असते आणि होस्टच्या तारखा फेब्रुवारीतल्या. चिखलकालो आषाढात, पावसात कॅमेऱ्याचा विमा वाढतो. आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणार, एवढा ओव्हरटाइम कोण देणार. लोकांना वाटतं त्यांना आपली संस्कृती दिसत नाही. दिसते हो, वेळापत्रकात बसत नाही.

ड्रोनचं पण सांगतो. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, त्यामुळे त्या बाजूला ड्रोन उडवणं म्हणजे कागदांचा डोंगर. तुम्हाला एपिसोडमध्ये वास्को वरून कधी दिसत नाही त्याचं हे पण एक कारण. जिथे ड्रोन उडतो तेवढाच गोवा सुंदर ठरतो.

पेडण्याचे_मास्तर

वेळापत्रकात बसत नाही, हे फार नेमकं लिहिलंस बाबा. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकाला शेजारच्या गावचा प्लंबर राजाचं काम करतो, दिवसा नळ आणि रात्री मुकुट, पल्लेदार मराठी संवाद तोंडपाठ, समोर अख्खा गाव चादरी अंथरून. हे शहर नव्हे, मान्य, पण पणजीतली अर्धी ऑफिसं ह्याच माणसांनी चालतात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांकडे बघा, अजून काजळ असतं. जो कॅमेरा फक्त पणजीच्या हद्दीत फिरेल त्याला तिथला कारकून दिसेल, त्याचं काजळ कळणार नाही.

स्विंडनचो_पात्रांव

इथे इंग्लंडात रात्रीची शिफ्ट करून आलोय, झोप नाही, म्हणून लिहितो.

तो फिलचा लिस्बनचा भाग बघून आमच्या घरात सगळे म्हणाले अरे हे तर पणजीच. कस्टर्डचे टार्ट, टाइल्स, उतारावरच्या गल्ल्या, ट्राम. मला हसायला येतं. मी लिस्बन बघितलं ते पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांसाठी रांगेत उभं राहून. काम झाल्यावर वेळ उरला तर फिरलो. अठ्ठावीस नंबरची ट्राम जी सगळ्या मालिकांत दिसते, तीत आता तिथली म्हातारी माणसं चढूच शकत नाहीत, टुरिस्टांनी भरलेली, आणि खिसे सांभाळा असं प्रत्येक जण सांगतो. तिचे डबे छोटे कारण त्या गल्ल्याच तेवढ्या, मोठी ट्राम वळणारच नाही.

आणि ते शहर एकसारखं पण नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, त्यानंतर लाट, त्यानंतर आग, खालचा भाग सगळा गेला. तो मग सरळ रेघा मारून पुन्हा बांधला, एकदम चौकटी चौकटी. वरची आल्फामा बरीचशी वाचली म्हणून तिथे अजून वाकड्यातिकड्या पायऱ्या. पणजीला असलं काही झालं नाही, पणजी राजधानी झाली ती ओल्ड गोव्यात साथी येऊन माणसं मरायला लागली म्हणून, १८४३ ला अधिकृत. एका शहराला भूकंपाने आकार दिला आणि दुसऱ्याला तापाने. टीव्हीवर मात्र दोन्हींना एकच गिटार.

मळ्यात तुळशीवृंदावन आहे आणि दोन दारं सोडून खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. लिस्बनात तुळस नाही रे बाबांनो. "मिनी लिस्बन" म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्यात मग तुळस येतच नाही, ती फ्रेम बिघडवते ना.

मळ्यातली_मुक्ता

पात्रांव, शेवटचा परिच्छेद मी आमच्या वाड्याच्या ग्रुपवर टाकते, तुझ्या नावानिशी.

डिचोलीचा_तारवटी

मुक्ता बाय म्हणाली अजून लिहा म्हणून. व्हेनिसचं सांगतो. पूर्वी मोठी जहाजं थेट शहराच्या नाकासमोरून जायची, जुदेक्का कालव्यातून. डेकवर पॅसेंजर फोटो काढायचे, खाली शहरातले लोक बॅनर धरून ओरडायचे, मोठी जहाजं नकोत. पॅसेंजर त्यांना हात हलवायचे, त्यांना वाटायचं स्वागत चाललंय. २०२१ च्या ऑगस्टपासून पंचवीस हजार टनांवरची जहाजं तिथून बंद, मोठी जहाजं आता मार्गेराला, म्हणजे कारखान्यांच्या बाजूला. आणि २०२४ ला दिवसापुरतं येणाऱ्याला काही दिवशी पाच युरो तिकीट सुरू झालं. शहराला तिकीट!

आमच्या पर्रा पंचायतीने पण २०१९ मध्ये तो माडांचा रस्ता आहे ना, तिथे फोटो काढायला पैसे लावले होते, केवढा गाजावाजा झाला. व्हेनिसने केलं तर जागतिक बातमी, पर्ऱ्याने केलं तर मस्करी.

भिवपाची_गरज_ना

धाग्याचा पर्रा झाला. आता मूळ मुद्द्यावर या, पणजीचा भाग. मी सुरू करतो, पुढे जोडत जा.

पहाटे बेती फेरी. त्यात दूधवाला, शाळेची पोरं, स्कूटर आडव्यातिडव्या लावलेल्या, कोणी उतरत नाही स्कूटरवरून, फेरी टेकली रे टेकली की सगळ्यांचे इंजिन एकदम सुरू. तो आवाज घ्या. उतरल्यावर पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलवर टोपली, निळं प्लास्टिक, पोंपों. पोई, उंडे, कांकणां. त्याच्या मागे मागे कॅमेरा जाऊ दे, तो आपोआप अशा गल्ल्यांतून नेईल जिथे गाईड जात नाही.

सासष्टीची_सून

मग कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले, पातळभाजी-पाव आणि मिरचीभजी. आणि कृपा करून कोणीतरी होस्ट बसवा तिथे, नाहीतर कोण खातंय ते कळणार कसं. फिलला बोलवा, पहिली मिरची खाल्ल्यावर त्याचा चेहरा बघायचाय मला.

कदंबा_बायपास

बसस्टँड पाहिजेच. मी रोज तिथून जातो. खाजगी बसचे कंडक्टर, "म्हापशें म्हापशें म्हापशें", एका श्वासात किती वेळा म्हणतो ते मोजत बसा. बसमध्ये शिरल्यावर "फाटीं वच, फाटीं वच", मागे जागा नसते तरी. शूटिंग करायचं तर संध्याकाळी साडेपाचला करा, सरकारी ऑफिसं सुटतात तेव्हा. ज्या शहराची दिवसाची आणि रात्रीची माणसं वेगळी आहेत त्याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. साडेसहाला ती सगळी माणसं डिचोली, फोंडा, म्हापसा, पेडण्याच्या वाटेला लागतात आणि सातला कॅसिनोचे दिवे लागतात. एवढ्या दोन शॉटमध्ये पणजी संपली बघा.

पेडण्याचे_मास्तर

आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासूर. पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे रात्रभर. महिनाभर पोरांनी कागद चिकटवून चिकटवून वीस फुटी राक्षस करायचा आणि पहाटे जाळून टाकायचा. जगातल्या कुठल्या शहरात तरुण पोरं एवढं काम करून ते पहाटे पेटवून देतात आणि घरी येऊन अभ्यंगस्नान करून पोहे खातात? एकाही परदेशी मालिकेत मी हे बघितलेलं नाही.

रेकी_ते_रॅपअप

मास्तर, सांगतो का नाही ते. गाणी. नरकासुराच्या रात्री प्रत्येक वाड्यावर डीजे लावलेला, एकावर एक चार हिंदी गाणी. त्यातल्या प्रत्येक गाण्याचे हक्क घ्यावे लागतात, नाहीतर तो आवाज वापरताच येत नाही. मग काय करायचं, चित्र ठेवायचं आणि वर आपलं भाड्याचं तबल्याचं म्युझिक टाकायचं. एका टीमने एडिटमध्ये तसं लावून बघितलं, इतकं विचित्र दिसलं की कापून टाकलं. तुम्हाला टीव्हीवर भारतातले सण नेहमी तबला-सतारीवर दिसतात त्याचं कारण हे.

म्हणून मला ती जपानी पद्धत आवडते. मोठा सणच नको. मंगळवारची सकाळ, एक कॅमेरामन, एक आवाजवाला, एक मी. सही घ्यायला मागून मी धावणार. खर्च पण कमी. कोणी पैसे लावणारा असेल तर कळवा, मी गंमत करत नाही.

मळ्यातली_मुक्ता

माझी एकच अट. मळ्यात आलात तर आधी चहा, नंतर कॅमेरा. आणि आजींची खुर्ची दाराबाहेर असली तर तुम्ही बाजूला व्हायचं.

शुक्रवारचो_म्हापसेकार

सगळा धागा वाचून काढला आणि कमाल वाटली, पणजी पणजी काय लावलंय? शहर बघायचं तर म्हापसा. शुक्रवारचा बाजार. मयड्याची केळी, चुरीसच्या म्हणजे गोंयच्या सॉसेजच्या माळा, खोल्याची मिरची, मातीची भांडी, खाजें, वाळवलेली सुकी मासळी, आणि बारदेशातल्या प्रत्येक गावची बाई आपापल्या जागेवर, जागा आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला. तुमच्या पणजीत दिवसाची माणसं येतात आणि जातात, आमच्याकडे येतात, भांडतात, घासाघीस करतात, सोयरिकी जुळवतात आणि मग जातात. सिक्स डिग्रीजवाल्यांची साखळी आमच्याकडे एका रांगेत उभी मिळेल.

रेकी_ते_रॅपअप

ह्या शुक्रवारी रेकीला येऊ का? गाडी कुठे लावायची तेवढं सांगा.

शुक्रवारचो_म्हापसेकार

शुक्रवारी म्हापशात गाडी लावायला जागा? बसने ये रे. आणि आठच्या आत ये, नंतर चांगली केळी राहत नाहीत.